टांकसाळीची चूक आणि कानशीची करामत

फोर्टमधला फुटपाथ असो, चोर बाजार असो की एखादं नाणे-प्रदर्शन, 'एरर कॉइन' म्हणून मांडलेलं बरंच काही टांकसाळीतून तसं बाहेर पडलेलंच नसतं. कुणी कानस मारलेली असते, कुणी व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, दाबलेलं असतं, कुणी रुळावर ठेवलेलं असतं. खरं-खोटं ओळखायला आयुष्य घालवावं लागतं असं जुने विक्रेते सांगतात. नजर सरावाने तयार होते, यात शंका नाही. पण त्याहून आधी एक प्रश्न विचारायची सवय हवी: ही चूक टांकसाळीत नेमकी कोणत्या पायरीवर झाली? याचं उत्तर विकणाऱ्याला देता येत नसेल आणि आपल्यालाही सुचत नसेल, तर नाणं खाली ठेवावं.

म्हणून आधी पायऱ्या पक्क्या करू. मुंबईची टांकसाळ १८२९ पासून फोर्टात उभी आहे आणि यंत्रं कितीही बदलली तरी कामाचा क्रम तोच राहिला आहे. धातूच्या लांब पट्ट्यातून दट्ट्याने गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात. मग प्रत्येक चकती कडेने दाबत फिरवतात, त्यामुळे तिची कड थोडी उभी राहते. अशी कड आलेली चकती छापयंत्रात जाते. तिथे खाली एक डाय, म्हणजे चित्र कोरलेला ठसा, वर एक डाय आणि भोवती पोलादी कॉलर, म्हणजे कडं, असते. दाब पडला की धातू दोन्ही डायच्या खोलगट भागांत शिरतो आणि बाहेर पसरू पाहतो; कॉलर त्याला अडवते आणि कडेला दाते असतील तर तेही त्याच वेळी उमटवते. हे सगळं मिनिटाला शेकडो वेळा होतं. पुढे चाळणी, मोजणी आणि पिशव्या.

या क्रमातून एक नियम निघतो आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. छाप पडताना धातू नाहीसा होत नाही, तो सरकतो. कानस, अ‍ॅसिड, लेथ यांनी धातू नाहीसा होतो. हातोडी आणि व्हाइसने तो चिरडला जातो, पण चिरडण्याआधी त्यावर छाप होताच, आणि त्या छापाचं काय झालं ते दिसतं. तेव्हा नाणं हातात आलं की 'किती विचित्र!' म्हणण्याआधी धातू कुठून कुठे गेला ते शोधायचं.

काटा, कॅलिपर, भिंग, चुंबक

सामान फार लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, डिजिटल वर्नियर कॅलिपर, दहापट भिंग, एक लोहचुंबक आणि तिरका धरता येईल असा एकच दिवा. ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात कानशीचे ओरखडे लपतात. एका बाजूने आलेल्या उजेडात नाणं हळूहळू फिरवलं की ते आपोआप समोर येतात. भिंगही दहापटच पुरे. त्याहून मोठं केलं की साध्या वापराचे ओरखडेसुद्धा भयंकर दिसायला लागतात आणि मन भरकटतं. या सगळ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुलनेसाठी त्याच प्रकाराचं, शक्यतो त्याच वर्षाचं आणि त्याच टांकसाळीचं एक साधं नाणं. ते सुट्ट्या पैशांत फुकट मिळतं, तरी बहुतेक जण जवळ ठेवत नाहीत.

काही वजनं आणि व्यास पाठ असावेत. २०११ च्या मालिकेतला एक रुपया ३.७९ ग्रॅम आणि २२ मिमी, दोन रुपये ४.८५ ग्रॅम आणि २५ मिमी, पाच रुपये ६ ग्रॅम आणि २३ मिमी. २०१९ च्या मालिकेत एक रुपया ३.०९ ग्रॅम आणि २० मिमी, दोन रुपये ४.०७ ग्रॅम आणि २३ मिमी, पाच रुपये ६.७४ ग्रॅम आणि २५ मिमी, दहा रुपये ७.७४ ग्रॅम आणि २७ मिमी, वीस रुपये ८.५४ ग्रॅम आणि २७ मिमी. पाच रुपयांचं जुनं जाडजूड कॉपर-निकेल नाणं ९ ग्रॅमचं. या मालिकांतले एक आणि दोन रुपये स्टेनलेस स्टीलचे आहेत आणि ते चुंबकाला कडक चिकटतात. कॉपर-निकेल आणि निकेल-ब्रास चिकटत नाहीत. वजनात थोडा फरक नव्या नाण्यांतही असतो, म्हणून छापील आकड्याला दशांशापर्यंत धरून बसू नये; त्याच प्रकाराची दहा साधी नाणी आपल्याच काट्यावर तोलावीत आणि त्यांचा पल्ला डोक्यात ठेवावा.

हे आकडे एका ठिकाणी फार कामाला येतात. दोन रुपयांची चित्रं एक रुपयाच्या चकतीवर पडली, अशी चूक टांकसाळीत होऊ शकते. चुकीची चकती दुसऱ्या पिशवीतून आली, इतकंच. पण मग त्या नाण्याचं वजन ३.७९ च्या आसपासच असलं पाहिजे, कारण ती कुठल्यातरी खऱ्या नाण्याचीच चकती होती. व्यास २२ मिमीच्या जवळ असेल आणि चित्र मात्र २५ मिमीचं, म्हणजे कडेची अक्षरं चकतीबाहेर गेलेली, अर्धी कापल्यासारखी दिसतील आणि उभी कड धड बनलेली नसेल. आता समजा वजन ४.३ ग्रॅम भरलं. ते आसपासच्या कुठल्याच चकतीशी जुळत नाही. अक्षरं पूर्ण आहेत पण सगळीकडून सारखी बारीक झाली आहेत, कडही तेवढीच बारीक, पृष्ठभाग किंचित खडबडीत. हे अ‍ॅसिडमध्ये बुडवलेलं नाणं. अ‍ॅसिड सगळीकडून सारखंच खातं, म्हणून नाणं आकाराने कमी होतं पण चित्र पूर्ण राहतं. खऱ्या चुकीत नेमकं उलट: चित्राचं माप तेच राहतं, चकतीला मात्र ते पुरत नाही.

चंद्रकोरीसारखी कापलेली कड

'क्लिप' हा सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत सोपा बनवता येणारा प्रकार. पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही आणि दट्ट्या आधीच्या भोकावर थोडा चढून पडला, तर निघणाऱ्या चकतीला एक वक्र चावा बसतो. हे छाप पडण्याआधी घडतं, ही गोष्ट क्षणभरही विसरू नये. चावा बसलेली चकती पुढच्या सगळ्या पायऱ्यांतून जाते आणि प्रत्येक पायरी आपली खूण ठेवते.

पहिली खूण वक्राची. चावा त्याच दट्ट्याने बसला, तर त्याची गोलाई नाण्याच्या गोलाईइतकीच हवी. त्याच प्रकाराचं दुसरं नाणं त्या खाचेत टेकवून बघा. साधारण नीट बसलं पाहिजे. छाप पडताना खाचेचा आकार किंचित बदलतो, म्हणून केसभर फट चालते. पण गोल कानशीने केलेली खाच बहुतेक वेळा फार खोल आणि अरुंद गोलाईची असते, ती इथेच उघडी पडते. पट्ट्याच्या टोकाला कापलेल्या चकतीची कड सरळ किंवा ओबडधोबड कापलेलीही असू शकते, तिला ही कसोटी लागत नाही.

दुसरी खूण समोरच्या बाजूला. कड उभी करताना चकती दोन बाजूंनी दाबली जाते. चावा दाबाखालून जात असताना त्याच्या बरोबर समोरच्या कडेला पुरेसा दाब मिळत नाही, त्यामुळे तिथे कड नीट उठत नाही. नाण्यावर चाव्याच्या थेट समोर कड पसरट, बुजल्यासारखी दिसते आणि तिथली अक्षरंही कमजोर असतात. नाणेतज्ज्ञ याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. चावा फारच छोटा असेल तर तो दिसेलच असं नाही. पण चावा मोठा आणि समोरची कड ठणठणीत असेल, तर मी ते नाणं घेणार नाही.

तिसरी खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. छाप पडताना चाव्याच्या जागी कॉलर टेकलेली नसते, त्यामुळे धातू तिकडे मोकळा सरकतो. चाव्याजवळची अक्षरं त्या दिशेने ओढलेली, उतरती, कधी शेपटीसारखी फाकलेली दिसतात. छाप पडल्यानंतर कापलेल्या नाण्यात अक्षर आपल्या पूर्ण उंचीने येतं आणि कापाच्या रेषेपाशी एकदम थांबतं. भिंगाखाली हा फरक लगेच कळतो. शेवटी खाचेची भिंत बघावी. दट्ट्याने कापलेल्या भिंतीत वरचा भाग गुळगुळीत आणि खालचा फाटल्यासारखा खरखरीत असतो, आणि छापाच्या दाबाने तोही थोडा दबलेला असतो. कानशीच्या भिंतीवर समांतर रेघा असतात. त्या पॉलिशने घालवलेल्या असतील तर तिथली चकाकी बाकीच्या कडेपेक्षा वेगळी दिसते.

वजनाचा हिशेबही करावा. चाव्याने नाण्याचं एक दशांश क्षेत्र गेलं असेल तर ३.७९ चा रुपया ३.४१ च्या आसपास भरायला हवा. चावा नजरेला जेवढा दिसतो त्यापेक्षा वजन फारच कमी असेल, तर पृष्ठभागावरूनही धातू गेला आहे.

लाखी

ब्रॉकेजला आपल्या बाजारात 'लाखी' म्हणतात. एका बाजूला नेहमीचं उठावदार चित्र, दुसऱ्या बाजूला चित्र आत गेलेलं आणि आरशात दिसतं तसं उलटं. चांगल्या लाखीला किंमत येते, म्हणूनच ती बनवलीही जाते.

छापलेलं नाणं बाहेर पडण्याऐवजी एका डायला, समजा वरच्या डायला, चिकटून राहतं. त्याची खालची बाजू, जी खालच्या डायने घडवली होती, आता उघडी असते. पुढची कोरी चकती आत येते. तिच्या खालच्या बाजूवर खालच्या डायचं नेहमीचं चित्र उमटतं, आणि वरच्या बाजूला वरच्या डायऐवजी ते चिकटलेलं नाणं दाबलं जातं. चिकटलेल्या नाण्याच्या उघड्या बाजूवरही खालच्याच डायचं चित्र आहे. म्हणजे खऱ्या लाखीत दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं, एकीकडे उठावदार आणि दुसरीकडे खोल व उलटं. एका बाजूला उठावदार अशोकस्तंभ आणि दुसऱ्या बाजूला खोलगट, उलटा रुपयाचा आकडा, असं नाणं कुणी लाखी म्हणून पुढे केलं तर वादच घालायचा नाही. या पद्धतीने ते घडू शकत नाही.

चित्रं जुळली म्हणजे मात्र काम संपलं असं नाही, कारण नकली बनवणाऱ्यालाही हे माहीत असतं. तो एका बाजूचं चित्र घासून काढतो, त्या बाजूवर तसंच दुसरं नाणं ठेवतो आणि व्हाइसमध्ये किंवा प्रेसमध्ये दाबतो. धातू घासला गेला म्हणून वजन कमी भरतं. दाबाचा भार खालच्या उठावदार बाजूनेही घेतलेला असतो, म्हणून सिंहांचे चेहरे आणि अक्षरांचे माथे सपाट, चपटे झालेले असतात. खऱ्या लाखीची उठावदार बाजू डायने घडवलेली असल्याने ताठ आणि स्वच्छ असते. खोल बाजूचं चित्रही पहिल्या लाखीत तीक्ष्ण आणि पूर्ण मापाचं येतं. चिकटलेलं नाणं पुढच्या चकत्यांवर आपटत राहिलं तर ते पसरतं आणि चित्र मोठं व धूसर होत जातं. ते मात्र खरंच असतं, अशा धूसर लाखीला घाबरू नये.

व्हाइसचं आणखी एक काम सर्रास दिसतं. नेहमीच्या छापावर दुसऱ्या नाण्याची काही उलटी अक्षरं आत दाबलेली असतात आणि 'दोनदा छापलेलं' म्हणून ते विकलं जातं. खरोखर दोनदा छापलं असेल तर दुसरा छापही डायचाच, म्हणजे अक्षरं उठावदार आणि सरळ वाचता येणारी. आत गेलेली, उलटी आणि आधीच्या चित्राला चिरत गेलेली अक्षरं दिसली की ते दोन नाणी एकमेकांवर दाबल्याचं लक्षण. दोन्ही डाय मध्ये चकती नसताना एकमेकांवर आपटले तरी उलट्या रेषा येतात, पण त्या मोकळ्या जागेत पुसट बाह्यरेषेसारख्या असतात आणि मुख्य चित्राला धक्का लावत नाहीत.

दहा रुपयांचं पोट

दोन धातूंच्या नाण्यांबद्दल सर्वांत जास्त फसवणूक होते आणि सर्वांत कमी बोललं जातं. कडं आणि आतली चकती, म्हणजे पोट, वेगवेगळी बनते. ती एकमेकांत ठेवून यंत्रात जातात आणि छापाच्या त्याच दाबाने एकमेकांत घट्ट बसतात. कड्यावरची अक्षरं आणि मधलं चित्र एकाच डायवर, एकाच फटक्यात उमटतात.

त्यामुळे मधलं चित्र कड्यावरच्या अक्षरांच्या तुलनेत फिरलेलं दिसलं, तर ती टांकसाळीची चूक असूच शकत नाही. एकाच डायवरच्या दोन गोष्टी एकमेकींच्या तुलनेत कशा फिरतील? कुणीतरी पोट काढून, फिरवून परत बसवलं आहे. पोट उलटं करून बसवलेली नाणीही याच जातीची. अशा नाण्यावर सांध्याच्या रेषेपाशी ओरखडे, कड्याच्या आतल्या काठाला चेपलेपणा किंवा चिकटवलेल्या पदार्थाचा अंश सापडतो. पोट बोटाने दाबलं तर कधी किंचित हलतंही.

खऱ्या चुका वेगळ्या दिसतात. कड्याचं भोक मध्यावर नसेल तर पोट एका बाजूला सरकलेलं असतं, पण चित्र मात्र नाण्याच्या मध्यावरच असतं आणि सांध्यावरून बिनधास्त पलीकडे जातं. चित्राच्या रेषा पोटावरून कड्यावर अखंड जाणं ही उत्तम खूण. पोटच नसलेलं कडं छापलं गेलं असेल तर भोकाच्या काठाचा धातू दाबाने आत सरकलेला असतो आणि भोक नेहमीपेक्षा लहान व वेडंवाकडं होतं. पोट नंतर ठोकून काढलं असेल तर भोक अगदी गोल राहतं, आतल्या भिंतीवर पोट अडकल्याची खूण राहते आणि एका बाजूचा काठ बाहेरच्या दिशेने वळलेला असतो.

डाय फिरण्याची चूक, ज्याला 'डाय रोटेशन' म्हणतात, ती मात्र पूर्ण नाण्याची असते. स्वतंत्र भारताची नाणी अशी छापतात की वरचं टोक आणि खालचं टोक चिमटीत धरून नाणं उभ्या अक्षावर वळवलं तर दुसरी बाजूही सरळ दिसते. डाय आपल्या जागी सैल झाला तर दुसरी बाजू तिरपी किंवा पूर्ण उलटी येते. ही चूक घरी बनवणं अवघड, म्हणून शिकाऊ संग्राहकाने सुरुवात इथून करावी असं मी सुचवेन. थोड्याशा तिरपेपणाला बाजारात कुणी विचारत नाही. ९० अंश, १८० अंश असेल तर विचारतात.

गायब अक्षरं, गायब खूण

'वर्ष नाही', 'भारत नाही', 'टांकसाळीची खूण नाही' असं सांगून विकली जाणारी नाणी दोन प्रकारची. डायच्या खोलगट भागात ग्रीस आणि धूळ भरली तर तिथे धातू शिरत नाही आणि अक्षर उठत नाही. ही खरी चूक, आणि ती बरीच सापडते, म्हणून तिला फार किंमत देऊ नये. दुसरा प्रकार खरवडलेल्यांचा. ग्रीसच्या चुकीत अक्षर हळूहळू विरत जातं, त्याचा पुसट ठसा कधी शिल्लक असतो, आणि त्या जागेची पातळी व चकाकी आजूबाजूच्या मोकळ्या जागेसारखीच असते. खरवडलेल्या जागी पातळी किंचित खाली गेलेली असते. तिरक्या उजेडात नाणं फिरवताना उजेडाचा पट्टा त्या जागेवर आला की मोडतो.

टांकसाळीच्या खुणांचं प्रकरण थोडं वेगळं. वर्षाच्या खाली मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नाहीच. त्यामुळे एखाद्या वर्षी कोलकात्याचं नाणं दुर्मीळ असेल तर मुंबईचा हिरा खरवडून कोलकात्याचं नाणं 'तयार' करता येतं. ताऱ्याची टोकं झिजवून ठिपकाही करता येतो. वर्षाच्या खाली अंगठ्याच्या नखाएवढी जागा भिंगाखाली नीट तपासल्याशिवाय 'दुर्मीळ कोलकाता' विकत घेऊ नये. चिकटवलेली खूण ओळखायला केमिस्टकडचं शुद्ध अ‍ॅसिटोन उपयोगी पडतं: खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून दूर, काचेच्या वाटीत नाणं काही मिनिटं ठेवलं की गोंद सुटतो आणि धातूला इजा होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये, त्यात बाकीचं बरंच काही असतं.

वर्ष बदलण्याचं सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण सहाव्या जॉर्जच्या रुपयाचं. १९३९ चा रुपया दुर्मीळ, १९३८ चा त्या मानाने सहज मिळणारा, म्हणून ८ च्या खालच्या गोलाचा डावा भाग काढून ९ केला जातो. ९ च्या डावीकडची जागा खणल्यासारखी खोल आहे का, शेपटीची जाडी वरच्या गोलाशी जुळते का, दोन आकड्यांमधलं अंतर कसं आहे, हे खात्रीच्या नाण्याच्या मोठ्या छायाचित्राशी ताडून बघावं.

चांदीच्या जुन्या रुपयांत दागिन्यांतून सुटलेली नाणीही बरीच असतात. माळेत ओवायला लावलेली कडी काढून टाकली तरी डाखाचा डाग कडेवर, साधारण चित्राच्या डोक्यावर, राहतो. तिथले दाते बुजलेले किंवा पुन्हा कानशीने कोरलेले दिसतात. 'छापताना धातू जास्त आला' असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नये.

रूळ, खाडी आणि रंग

लोकलच्या रुळावर ठेवून चपटी केलेली नाणी 'ब्रॉडस्ट्राइक' किंवा 'ऑफ-सेंटर' म्हणून विकली जातात. इथे काटा मदतीला येत नाही, कारण चाकाखाली धातू कमी होत नाही. वजन बरोबर भरतं. चित्राकडे बघा. ब्रॉडस्ट्राइक म्हणजे कॉलर नीट नसताना छापलेल्या नाण्यात चित्र आपल्या मापाचं आणि स्वच्छ असतं, फक्त त्याच्या बाहेर धातू पसरून नाणं रुंद होतं आणि कडेवर दाते येत नाहीत. ऑफ-सेंटरमध्ये चित्र सरकतं आणि उरलेला चंद्रकोरी भाग कोरा राहतो, त्यावर छापाचा मागमूस नसतो. रुळावरच्या नाण्यात चित्रच ताणलेलं, लांबट झालेलं असतं, एक बाजू चाकाने घोटून चकचकीत झालेली आणि जाडी एका टोकाकडे उतरत गेलेली. कॅलिपरने चार ठिकाणी जाडी मोजली की खेळ संपतो. आणि रुळावर नाणं ठेवायला जाणं हा जिवाशी खेळ आहे, कुणाच्याही मुलाला याचं कौतुक सांगू नये.

वसईच्या किंवा ठाण्याच्या खाडीत गाडीतून टाकलेली नाणी चुंबकाने आणि हाताने बाहेर निघतात. खाऱ्या पाण्याने त्यांना खड्डे पडतात, तांबूस-काळा रंग येतो, कड झिजते. तो 'तांब्याचा रुपया' नव्हे. विजेने तांब्याचा किंवा सोन्याच्या रंगाचा मुलामा दिलेली नाणीही आहेत. मुलाम्याने चुंबकाचं वागणं बदलत नाही: तांब्याच्या रंगाचा रुपया चुंबकाला कडक चिकटला आणि वजन ३.७९ भरलं, तर आत स्टीलच आहे. धातूची खात्री हवीच असेल तर झवेरी बाजारात टंच काढून देणारी मशीन आहेत. ती पृष्ठभागाचाच पातळ थर वाचतात, म्हणून झिजलेल्या कडेवरही एकदा वाचन घ्यायला सांगावं.

परदेशी व्हिडिओंमध्ये नाण्यावरचे फुगे म्हणजे मुलामा चढवताना झालेली टांकसाळीची चूक, असं सांगतात. ते जस्तावर तांब्याचा मुलामा असलेल्या अमेरिकन सेंटसाठी खरं आहे. आपलं स्टीलचं नाणं आरपार स्टीलचं. त्यावर फुगे दिसले तर ते नंतर दिलेल्या मुलाम्याचे किंवा आगीत सापडल्याचे.

दोन्ही बाजूंना एकच चित्र, तेही दोन्हीकडे उठावदार, अशी नाणी जवळपास नेहमी जादूच्या प्रयोगांसाठी लेथवर बनवलेली असतात. एक नाणं आतून पोखरतात आणि दुसरं घासून त्यात बसवतात. सांधा कडेवर शोधू नका, तो एका बाजूला उभ्या कडेच्या आतल्या अंगाला लपलेला असतो. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने टिचकी मारली तर साधं नाणं खणखणतं, हे बद्द वाजतं.

अक्षरांच्या दुहेरीपणाबद्दल एवढंच: दुसरी कडा पायरीसारखी सपाट असेल आणि मूळ अक्षर त्यामुळे बारीक झालं असेल, तर तो छापताना डाय हलल्याचा परिणाम. होतो टांकसाळीतच, पण इतका सर्रास होतो की त्याला पैसे मोजू नयेत.

आणि ज्यात काही चूकच नाही, अशाही नाण्यांचे लाखो रुपये मिळतात म्हणून फॉरवर्ड फिरतात. २०१२ चं वैष्णोदेवीचं नाणं हे साधं स्मारक नाणं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांची खरेदी-विक्री करून कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. शिवाय नाणे अधिनियम २०११ प्रमाणे नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा ७ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, तेव्हा 'मी बनवून देतो' म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नये.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे चार फोटो मागा: दोन्ही बाजू, काट्यावर ठेवलेलं नाणं आणि कड. कडेचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. या लेखातल्या निम्म्या खुणा कडेवरच आहेत. शंका असली तरी नाणं चिंच, लिंबू किंवा भांड्यांच्या पावडरीने घासून 'नीट बघू' असं करू नका. त्या घासण्यात पुरावाच जातो आणि खरी चूकही बनवलेली वाटायला लागते. ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, मुंबईच्या दमटपणात त्यांचा हिरवा चिकट थर नाण्यावर चढतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवून त्यावर वजन, व्यास आणि चूक कोणत्या पायरीवरची आहे ते पेन्सिलीने लिहा. स्टेपलच्या पिना पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर पावसाळ्यात त्या गंजतात आणि शेजारच्या नाण्याला ओरखडे पाडतात.